ग्रामपंचायतीतून कागद कसा काढायचा: माहिती अधिकाराचा अर्ज, पहिल्या ओळीपासून दुसऱ्या अपिलापर्यंत

माझा पहिला आरटीआय अर्ज साडेतीन पानांचा होता. गावात मारुतीच्या देवळापासून झेडपीच्या शाळेपर्यंत सिमेंटचा रस्ता झाला आणि पहिल्याच पावसाळ्यात त्याची खडी वर आली, पोरं सायकलवरून घसरून गुडघे फोडून घ्यायला लागली, तेव्हा मी तावातावाने लिहायला बसलो. रस्ता इतका निकृष्ट का झाला, याला जबाबदार कोण, ठेकेदारावर कारवाई का केली नाही, सरपंचांना हे दिसत नाही का. एकोणतिसाव्या दिवशी दोन ओळींचं उत्तर आलं: आपण मागितलेली माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही.

डोकं फिरलं होतं तेव्हा. पण आता चार वर्षं हे अर्ज स्वतःचे आणि गावातल्या इतरांचे लिहून झाल्यावर सांगतो, त्यांचं उत्तर कायद्याला धरूनच होतं. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ मध्ये "माहिती" म्हणजे कार्यालयाकडे आधीपासून असलेलं रेकॉर्ड, कागद, ईमेल, नमुने, नोंदवह्या वगैरे. सुप्रीम कोर्टानेही २०११ च्या सीबीएसईच्या निकालात हेच सांगितलंय, की जे रेकॉर्डवर आहे ते द्या, पण नवीन माहिती तयार करून देणं किंवा अर्जदाराला मत देणं, सल्ला देणं हे अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही. म्हणजे "का" विचारलं की गाडी तिथेच अडकते. त्याच रस्त्याचा दुसरा अर्ज मी एका पानाचा केला, त्यात एकही प्रश्नचिन्ह नव्हतं, फक्त कागदांची नावं होती, आणि महिन्याभरात एक्केचाळीस पानं हातात आली. पुढे जे लिहिलंय ते सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं. प्रश्न विचारू नका, कागद मागा. आणि कागद मागायचा तर त्याचं नाव माहीत पाहिजे.

आधी बघा, आरटीआयची खरंच गरज आहे का

बरेच लोक सातबाऱ्यासाठी, जन्मदाखल्यासाठी आरटीआय टाकतात आणि महिना घालवतात. डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन १५ रुपयात मिळतो. दाखले महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली येतात, त्यासाठी आपले सरकार पोर्टल आहे आणि मुदतीत दाखला नाही मिळाला तर तिथलं अपील वेगळं आहे. जुना फेरफार, जुनी नक्कल हवी असेल तर तहसीलच्या रेकॉर्ड रूमला साधा नकलेचा अर्ज करा, ते आरटीआयपेक्षा लवकर होतं.

ग्रामपंचायतीचा आराखडा आणि वित्त आयोगाच्या पैशातली पेमेंटं ई-ग्रामस्वराज पोर्टलवर गावनिहाय दिसतात. रोजगार हमीची मस्टरं त्यांच्या पोर्टलवर असतात. आधी तिथे अर्धा तास घालवा. माहिती तिथे अर्धवट असते हे मान्य, पण कामाचं नेमकं नाव, रक्कम आणि वर्ष तरी मिळतं, आणि अर्जात कामाचं नाव त्यांच्या कागदावर आहे तसंच लिहिलं की "सदर नावाचे काम आढळून येत नाही" हे उत्तर देता येत नाही. आमच्या रस्त्याला गावात सगळे मारुतीचा रस्ता म्हणतात, कागदावर तो "अंतर्गत रस्ता काँक्रीटीकरण वॉर्ड क्र. २" होता!

आणि एक गोष्ट जी फार कमी लोकांना माहितीये. राज्य सरकारचा २६ नोव्हेंबर २०१८ चा जीआर आहे, त्यानुसार जिल्हा पातळीवरच्या आणि त्याखालच्या कार्यालयांत, स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये सुद्धा, दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख बघू द्यायचेत. सोमवारी सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. पुणे महापालिकेत ही पद्धत त्याआधीपासून होती, तिथून ती राज्यभर आली. ग्रामपंचायतीत जाऊन हे सांगितलं तर समोरचा माणूस आपल्याकडे अशा नजरेने बघतो की आपण विमानाचं तिकीट मागितलंय, म्हणून जीआरची प्रिंट खिशात ठेवा. भांडायचं नाही, शांतपणे पुढे करायची. नाहीच दाखवलं तर मग अर्ज आहेच.

कागदांची नावं

कुठल्याही छोट्या सरकारी कामाची एक फाईल असते, सरकारी भाषेत नस्ती. रस्ता असो, गटार असो, शाळेची खोली असो, फाईलमधले कागद थोड्याफार फरकाने तेच. आधी ठराव, म्हणजे ग्रामसभेत किंवा मासिक सभेत हे काम घ्यायचं असं ठरल्याची नोंद. मग इंजिनिअरने केलेलं अंदाजपत्रक, त्यावर तांत्रिक मान्यता, मग प्रशासकीय मान्यता. मग निविदा किंवा दरपत्रकं, त्यांचा तुलनात्मक तक्ता, ठेकेदाराशी करारनामा, कार्यारंभ आदेश. काम झालं की मोजमाप पुस्तिका, जिला सगळे एमबी म्हणतात. मग देयक, प्रमाणक म्हणजे व्हाउचर, आणि शेवटी काम पूर्णत्वाचा दाखला. काँक्रीटचं काम असेल तर क्यूब टेस्टचा, म्हणजे काँक्रीटच्या मजबुतीच्या चाचणीचा, रिपोर्ट असायला हवा.

या सगळ्यात जीव एमबीत असतो. अंदाजपत्रकात काय करायचं ठरलं ते असतं, एमबीत काय "केलं" म्हणून पैसे दिले ते असतं. लांबी, रुंदी, जाडी, तारीख, इंजिनिअरची सही. टेप घेऊन जागेवर गेलात की ती तपासता येते, त्याला कुठली डिग्री लागत नाही.

पैशाचा हिशोब बघायचा असेल तर ग्रामपंचायतीचे नमुने माहीत हवेत. एकूण ३३ नमुने आहेत, सगळे पाठ करायची गरज नाही. नमुना १ अंदाजपत्रक, नमुना ५ रोकडवही, नमुना ८ कर आकारणीची नोंदवही म्हणजे घरपट्टी कुणाला किती बसली ते, नमुना ९ कर मागणीची. अर्जात "ग्रामपंचायतीच्या खर्चाची माहिती द्या" लिहिण्याऐवजी "नमुना ५ ची अमुक महिन्यांची पानं" लिहिलं की समोरच्याला कळतं, हा माणूस वही ओळखतो, आणि अर्धी टाळाटाळ तिथेच संपते.

नगरपालिका, महानगरपालिका असेल तर एवढंच बघा की फाईल कुठल्या विभागात आहे. रस्ता बांधकाम विभागात, इमारतीची परवानगी आणि मंजूर नकाशा नगररचना विभागात, कचऱ्याचा ठेका आरोग्य किंवा घनकचरा विभागात. मोठ्या शहरात प्रत्येक विभागाचा आणि प्रभाग कार्यालयाचा जन माहिती अधिकारी, म्हणजे आरटीआयचा अर्ज घेऊन उत्तर देणारा अधिकारी, वेगळा असतो, नावाचा बोर्ड बाहेर लावलेला असतो. निदान असायला हवा.

अर्ज लिहिणं

महाराष्ट्रात अर्जाचा नमुना ठरलेला आहे, त्याला जोडपत्र "अ" म्हणतात. कोर्टाजवळच्या, तहसीलजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात छापील मिळतो, नाहीतर साध्या कागदावर हाताने तसाच लिहिला तरी चालतो. त्यात नाव, पत्ता, माहितीचा विषय, कालावधी, वर्णन, माहिती टपालाने हवी की व्यक्तिशः, आणि अर्जदार दारिद्र्यरेषेखालचा आहे का, एवढंच. माहिती कशासाठी हवी हे लिहायचं नाही, कलम ६(२) नुसार ते विचारताच येत नाही. तोंडी विचारलं तर हसून "वाचायला" म्हणा.

राज्याच्या नियमात २०१२ साली दोन गोष्टी घातल्या, ज्यावर निम्मे अर्ज गळतात. एक अर्ज एकाच विषयाचा, आणि साधारण १५० शब्दांच्या आत. एका अर्जात रस्ता, पाणी, घरकुल सगळं कोंबलं तर अधिकारी पहिल्या विषयाचं उत्तर देऊन बाकीच्यांसाठी वेगळे अर्ज करा असं सांगू शकतो. म्हणून सरळ तीन अर्ज करा, तीस रुपये गेले तर गेले.

माझा तो दुसरा अर्ज जवळपास असा होता:

"विषय: अंतर्गत रस्ता काँक्रीटीकरण, वॉर्ड क्र. २, या कामाची कागदपत्रे.
कालावधी: १ एप्रिल ते पुढील ३१ मार्च (आर्थिक वर्ष).
वर्णन: वरील कामाच्या आपल्या कार्यालयात उपलब्ध असलेल्या खालील कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात. १) कामास मंजुरी देणारा ठराव. २) अंदाजपत्रक व तांत्रिक मान्यता. ३) कार्यारंभ आदेश. ४) मोजमाप पुस्तिकेतील या कामाची सर्व पाने. ५) अदा केलेली देयके व प्रमाणके. ६) काँक्रीट चाचणी अहवाल. ७) काम पूर्णत्वाचा दाखला. तसेच संपूर्ण नस्तीचे अवलोकन करावयाचे असून तारीख व वेळ कळवावी. यापैकी काही माहिती अन्य कार्यालयाकडे असल्यास कलम ६(३) नुसार अर्ज ५ दिवसांत हस्तांतरित करून मला कळवावे."

बस. यात राग नाही, आरोप नाही, "भ्रष्टाचार" हा शब्द नाही. राग ग्रामसभेत काढायला पुष्कळ वेळ असतो.

त्यातली "उपलब्ध असलेल्या" आणि "साक्षांकित" ही दोन्ही विशेषणं मुद्दाम आहेत. पहिल्यामुळे माहिती तयार करावी लागेल ही सबब जाते. दुसऱ्यामुळे प्रतीवर शिक्का आणि सही येते, आणि पुढे तक्रार करताना कुणी "हा कागद आमचा नाहीच" म्हणू शकत नाही. कलम ६(३) ची शेवटची ओळ तर कधीच सोडू नका, कारण ग्रामपंचायतीच्या कामाची एमबी बऱ्याचदा पंचायत समितीतल्या बांधकाम उपविभागाकडे असते आणि ती ओळ नसली की "आमच्याकडे उपलब्ध नाही" एवढ्यावर भागवतात. खरं तर ओळ नसली तरी हस्तांतर करणं त्यांचंच काम आहे, पण लिहिलेली बरी.

फी आणि अर्ज देणं

अर्जाची फी १० रुपये. कोर्ट फी स्टॅम्प चिकटवा, किंवा रोख भरून पावती घ्या, डीडीही चालतो. मी स्टॅम्पच लावतो, कारण रोख द्यायला गेलं की पावती पुस्तक नेमकं साहेबांच्या कपाटात असतं आणि कपाटाची किल्ली साहेबांकडे असते आणि साहेब मिटिंगला असतात. स्टॅम्प वेंडरकडे दहाचे स्टॅम्प कधीकधी संपलेले असतात तेव्हा एकदम पाच-सहा घेऊन ठेवा, विसाचेही दोन घ्या, ते अपिलाला लागतात. दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही, पण दाखल्याची प्रत जोडावी लागते.

अर्ज "जन माहिती अधिकारी" या पदनामाने करा, माणसाच्या नावाने नको, बदली झाली की गोंधळ होतो. ग्रामपंचायतीत हे पद ग्रामसेवकाकडे असतं, हल्ली हुद्द्याचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय. सरपंचाला अर्ज द्यायचा नसतो, हे आमच्याकडे अजून अनेकांना पटत नाही.

अर्जाच्या दोन प्रती न्या. एक द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का आणि सही घ्या. सही घेतल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. "ठेवून जा, मी बघतो" असं म्हटलं की समजायचं तो अर्ज टेबलच्या काचेखाली जाणार. ऑफिसला कुलूप असेल, किंवा अर्ज घ्यायलाच नकार दिला, तर सरळ स्पीड पोस्टाने पाठवा. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच विलीन झालंय, त्यामुळे पोस्टात नोंदणी आणि पोच हवी असं नीट सांगा. आणि पोस्टाच्या पावतीची त्याच दिवशी झेरॉक्स काढा! ती गुळगुळीत कागदाची असते, त्यावरची अक्षरं उडतात, माझी एक पावती राज्य माहिती आयोगात दाखवायच्या वेळी पांढरी कोरी निघाली.

राज्याचं आरटीआय ऑनलाइन पोर्टलही आहे, मंत्रालयातले विभाग, जिल्हाधिकारी वगैरेंसाठी बरं पडतं. तुमचं कार्यालय त्या यादीत आहे का ते आधी बघा, नसेल तर उगाच वरच्या ऑफिसला टाकू नका, तो अर्ज खाली घरंगळत येईपर्यंत दिवस जातात.

अर्ज कुणीही भारतीय नागरिक करू शकतो, त्या गावचा रहिवासी असायची अट नाही. पुण्या-मुंबईत नोकरी करणारा, दुबईत असलेला पुतण्या, कुणीही.

तीस दिवस, आणि मध्येच येणारं पैशाचं पत्र

मुदत ३० दिवस. माणसाच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास, पण रस्त्याच्या खड्ड्याला ते लावू नका. सहायक जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज दिला असेल तर ५ दिवस जास्त धरा.

अर्ज दिला त्याच दिवशी मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये तिसाव्या दिवसाचा अलार्म लावा. साधारण पंधरा-वीस दिवसांनी पत्र येतं की माहिती ४२ पानांची आहे, प्रति पान २ रुपये प्रमाणे ८४ रुपये भरा. हे पत्र आलं की घड्याळ थांबतं. त्यांनी पत्र पाठवल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस तिसात धरत नाहीत, म्हणून पत्र आल्या आल्या पैसे भरा आणि पावती घ्या. काही ठिकाणी हे पत्र बरोब्बर एकोणतिसाव्या दिवशी निघतं, ती एक कलाच आहे. पत्रात हिशोब किती पानांचा कसा लावला ते लिहिलेलं हवं. आणि ३० दिवस उलटून गेल्यावर पैसे मागितले तर भरू नका, कलम ७(६) नुसार मुदतीनंतर माहिती फुकट द्यावी लागते. हे पत्राने कळवा, तोंडी नको.

फाईल बघायला गेलात तर

मी आता कुणालाही सांगतो, प्रती मागण्याआधी अवलोकन मागा. कारण फाईलमध्ये काय आहे हे आपल्याला माहीत नसतं, आणि मागितलेल्या सात कागदांपेक्षा न मागितलेला आठवा कागदच कामाचा निघतो. पहिला तास फुकट असतो, पुढे दर पंधरा मिनिटांना ५ रुपये.

आणि सोबत पेन्सिल न्या. गंमत नाही करत, २०१२ च्या दुरुस्तीत लिहिलंय की अवलोकन करणाऱ्याला फक्त पेन्सिल आत नेता येईल, पेन बाहेर जमा करायचं, म्हणजे कागदावर कुणी खाडाखोड करू नये. मोबाइलने फोटो काढू देतात का ते विचारा, काही ठिकाणी देतात, नाही दिले तर पान क्रमांक लिहून घ्या आणि तेवढ्याच पानांच्या प्रती मागा.

आमच्या रस्त्याची एमबी मी अशीच बघितली. पत्र्याच्या कपाटावरची धूळ झटकून शिपायाने फाईल दिली, तिला लाल फीत होती, आतली पानं दमट. एमबीच्या पानावर निळ्या शाईत लिहिलेलं होतं: लांबी १२० मीटर, रुंदी ३ मीटर, जाडी ०.१५ मीटर, एकूण ५४ घनमीटर. मी पेन्सिलीने ते वहीत उतरवून घेतलं आणि काही बोललो नाही. रविवारी सकाळी मी आणि शेजारचा गवंडी पन्नास मीटरची टेप घेऊन गेलो. देवळाच्या पायरीपासून शाळेच्या फाटकापर्यंत ९७ मीटर. पुढे रस्ताच नाही, पुढे शाळेचं मैदान आहे. म्हणजे जाडी पूर्ण धरली तरी साडेत्रेचाळीस घनमीटरच्या आसपास काँक्रीट, बाकीचं दहा घनमीटर मैदानात कुठेतरी असेल. कडेला जिथे तुटलं होतं तिथे जाडी मोजली तर चार इंच भरली, म्हणजे दहा सेंटीमीटर. गवंडी म्हणाला, "भाऊ, एवढ्यात तर माझं घर झालं असतं."

नाही म्हणायच्या ठरलेल्या पद्धती

"प्रश्नार्थक आहे" चं वर सांगितलं. बाकीच्या या.

माहिती विस्तृत आहे, कामकाजावर ताण येईल. यासाठी कलम ७(९) चा नंबर टाकतात. ते कलम फक्त माहिती कुठल्या स्वरूपात द्यायची याबद्दल आहे, नाकारायचं कारण नाही. अशा वेळी अवलोकन मागा, ते नाकारता येत नाही. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर "मागच्या दहा वर्षांची सर्व कामे" असं आपणच मागितलं असेल तर दोष थोडा आपलाही आहे.

त्रयस्थ पक्षाची माहिती आहे, ठेकेदाराची हरकत आहे. कलम ११ प्रमाणे त्याला ५ दिवसांत नोटीस द्यावी लागते आणि त्याला म्हणणं मांडायला १० दिवस मिळतात, तरी निर्णय अधिकाऱ्यानेच घ्यायचा असतो, ठेकेदाराने नाही. आणि गावाच्या पैशातून दिलेलं बिल ही ठेकेदाराची खासगी गोष्ट कशी काय होते? हे अपिलात लिहा.

वैयक्तिक माहिती आहे, कलम ८(१)(ञ). हे हल्ली जास्त ऐकू येणार. आधी या कलमात सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली वैयक्तिक माहिती, अशी अट होती. २०२३ च्या डिजिटल डेटा संरक्षण कायद्याने ते आखूड करून नुसतं "वैयक्तिक माहिती" केलं आणि नोव्हेंबर २०२५ पासून ते लागू झालं. मला हे अजिबात आवडलेलं नाही, पण रडत बसून उपयोग नाही. कलम ८(२) अजून शाबूत आहे, सार्वजनिक हित मोठं असेल तर माहिती देता येते, ते अर्जात आणि अपिलात दोन वाक्यांत मांडा. शिवाय कर्मचाऱ्याची मालमत्ता, रजा असलं मागण्यापेक्षा कामाचे कागद मागा. घरकुलासारख्या योजनेच्या लाभार्थ्यांचा तपशील तर कलम ४ खाली कार्यालयाने स्वतःहून जाहीर करायच्या बाबींमध्येच आहे, तेव्हा कलम ४(१)(ख) चा उल्लेख करून मागा. आणि एखाद्या कागदाचा काही भाग खरंच वैयक्तिक असेल, म्हणजे बँक खातं वगैरे, तर तेवढा काळा करून बाकीचा द्यायचा असतो, कलम १०.

फाईल आढळून येत नाही. हे सगळ्यात चिवट. कायद्यात फाईल हरवली हे नकाराचं कारण म्हणून कुठेही नाही. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ खाली रेकॉर्ड नष्ट करणं, गहाळ करणं यावर शिक्षा आहे. अपिलात तीन गोष्टी मागा: शोध घेतल्याचा लेखी अहवाल, फाईल शेवटी कुणाच्या ताब्यात होती त्याची नोंद, आणि नाही सापडली तर जबाबदारी निश्चित करण्याचा आदेश. आमच्या ओळखीच्या एकाची हरवलेली फाईल सुनावणीच्या आदल्या दिवशी कपाटामागे सापडली.

पहिलं अपील

उत्तर मिळालं नाही, अर्धवट मिळालं किंवा नाकारलं, तर ३० दिवसांच्या आत पहिलं अपील. दिवस उत्तर मिळाल्यापासून मोजायचे, उत्तरच नसेल तर मुदत संपली त्या दिवसापासून. नमुना जोडपत्र "ब", स्टॅम्प २० रुपयांचा. ग्रामपंचायतीचं अपील पंचायत समितीत जातं, तिथे प्रथम अपिलीय प्राधिकारी कोण आहे, गटविकास अधिकारी की विस्तार अधिकारी, हे नकाराच्या पत्रातच लिहिलेलं असायला हवं. नसेल तर "प्रथम अपिलीय प्राधिकारी, पंचायत समिती अमुक" एवढं लिहिलं तरी पोचतं.

अपिलात गोष्ट सांगू नका. अर्ज कधी दिला, मुदत कधी संपली, काय मिळालं, काय नाही, आणि शेवटी मागणी: अमुक अमुक कागद कलम ७(६) नुसार विनामूल्य मिळावेत. सोबत अर्जाची पोच, उत्तराची प्रत. निर्णय ३० दिवसांत, कारणं नोंदवली तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत व्हायला हवा.

सुनावणीला जाच. तिथे गेलं की बहुतेक वेळा काय होतं सांगतो, साहेब ग्रामसेवकाकडे बघून म्हणतात "देऊन टाका ना", ग्रामसेवक म्हणतो "आठ दिवसात देतो", आणि चहा येतो. चहा प्या, पण "आठ दिवसात" हे आदेशात लिहून घ्या. माहिती का देता येत नाही हे सिद्ध करायची जबाबदारी कलम १९(५) नुसार त्यांच्यावर असते, तुमच्यावर नाही, म्हणून बचावाच्या पवित्र्यात जाऊ नका.

दुसरं अपील आणि आयोग

पहिल्या अपिलातही काही झालं नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे, जोडपत्र "क", पुन्हा २० रुपये. आयोगाचं मुख्यालय मुंबईत आहे आणि पुणे, नागपूर, नाशिक, अमरावती, कोकण, छत्रपती संभाजीनगर अशी खंडपीठं आहेत, आपला जिल्हा ज्यात येतो तिथे पाठवायचं. दंडाचा अधिकार फक्त आयोगाला, दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,०००, आणि तो अधिकाऱ्याच्या खिशातून. नुकसानभरपाईही मागता येते.

लोक इथे एक चूक करतात. रागाच्या भरात अपील न करता कलम १८ खाली नुसती तक्रार टाकतात. तक्रारीत दंड होऊ शकतो पण माहिती द्या असा आदेश निघत नाही, सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये मणिपूरच्या प्रकरणात ते स्पष्ट केलंय. कागद हवा असेल तर अपीलच.

आणि वेळ लागतो, भरपूर लागतो. माझ्या एका दुसऱ्या अपिलाची नोटीस यायला दीड वर्षाच्या वर गेलं. म्हणून माझा सगळा भर पहिल्या अर्जावर आणि अवलोकनावर असतो. तोवर त्याच कागदासाठी दुसऱ्या कार्यालयात अर्ज टाका. एमबीची, बिलाची प्रत एकाच कपाटात नसते, बांधकाम उपविभागात, पंचायत समितीच्या लेखा शाखेत कुठे ना कुठे असते.

जपून

तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी जमिनीचे व्यवहार खणून काढत होते, जानेवारी २०१० मध्ये त्यांचा खून झाला. घरपट्टीच्या वहीसाठी कुणी अंगावर येत नाही, पण वाळू, जमीन, मोठा ठेका असेल तर एकट्याने नावावर घेऊ नका. चार-पाच जणांनी वेगवेगळे अर्ज करा, बाहेरगावच्या नातेवाइकाच्या नावाने करा, आलेले कागद लगेच स्कॅन करून दोन-तीन जणांकडे पाठवून ठेवा. कागद सगळ्यांकडे आहे हे समोरच्याला कळलं की एकाला गाठण्यात अर्थ राहत नाही.

दुसरा धोका आपल्यातच आहे. अर्ज टाकायचा, कागद मिळवायचा, मग ठेकेदाराला फोन करून "बघा काय करायचं" म्हणायचं, असले महाभाग प्रत्येक तालुक्यात एक-दोन आहेतच, त्यांच्यामुळे खऱ्या अर्जदाराकडेही ऑफिसात संशयाने बघतात. ठेकेदाराचा चहासुद्धा घेऊ नका.

कागद आल्यावर

मी काय केलं ते सांगतो. एमबीच्या त्या पानाची झेरॉक्स मोठी करून घेतली आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत आकडे वाचून दाखवले, लांबी १२० मीटर. मग म्हटलं, टेप आणलीये, मोजायला कोण येतंय. आठ-दहा जण आले, दोन सदस्यही आले. मोजलेलं ९७ मीटर इतिवृत्तात लिहायला लावलं, त्यावर वाद झाला, पण लिहिलं. त्यानंतर साक्षांकित प्रती, जागेचे फोटो आणि ग्रामसभेच्या इतिवृत्ताची नक्कल जोडून गटविकास अधिकाऱ्यांकडे चौकशीचा अर्ज दिला, त्याची पोच घेतली. दीड महिन्याने त्या चौकशी अर्जावर काय कार्यवाही झाली त्याच्या टिपणीची आणि पत्रव्यवहाराची प्रत मागणारा आरटीआय टाकला, दहा रुपयांचा स्टॅम्प लावून. आत्ता तो एकोणिसाव्या दिवसावर आहे.